‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका

पुस्तक हाती घेतले की वाचक बहुधा दोन पाने न वाचताच उलटतो. एक शुद्धिपत्राचे आणि दुसरे अर्पणपत्रिकेचे. शुद्धिपत्र वाचून आपल्या ज्ञानात भर पडत नाही, आणि अर्पणपत्रिका हा लेखकाच्या घरातला मामला, त्यात आपण कशाला डोकवावे, अशी आपली समजूत असते. कोणी आईवडिलांच्या स्मृतीस पुस्तक वाहतो, कोणी गुरूस, कोणी आश्रयदात्यास. जोतिराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ छापली तेव्हा त्यांनी मात्र ती सात समुद्रांपलीकडच्या, ज्यांना त्यांनी कधी पाहिलेही नव्हते अशा लोकांना अर्पण केली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील भल्या लोकांनी हबशी गुलामांच्या सुटकेसाठी जी निरपेक्ष व आत्मत्यागपूर्वक निष्ठा दाखविली तिच्याविषयी आदर म्हणून हे पुस्तक, असा त्या अर्पणपत्रिकेच्या पूर्वार्धाचा आशय. उत्तरार्धाकडे आपण मागाहून वळू. तो अधिक अडचणीचा आहे.

या पानाकडे माझे लक्ष पुन्हा वेधले गेले ते माझ्या भाच्यामुळे. तो गेली काही वर्षे अमेरिकेत, दक्षिणेकडील एका संस्थानात असतो. दिवाळीला आमच्या सोनईस आला होता. पाडव्याच्या सकाळी दारात शेणाच्या गवळणी मांडलेल्या, ताईची आम्हां सर्वांना ओवाळण्याची लगबग चाललेली, आणि ओवाळताना बळीचे राज्य पुन्हा यावे म्हणून जे मागणे मागायचे ते ती दरवर्षीप्रमाणे मागत होती. मी सहज म्हणालो, “अरे, या मागण्याला इतिहासाचा साक्षीदार म्हणून उभे करणारा पहिला मोठा मराठी लेखक जोतिराव. आणि ज्या पुस्तकात ते केले, ते तुझ्या अमेरिकेला अर्पण केले आहे.” त्याने कपाटातून शासनाने काढलेले समग्र वाङ्मय काढले. १९६९ साली धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादिलेली ती प्रत, आता पाने पिवळी पडलेली. अर्पणपत्रिका वाचून तो हसला. म्हणाला, “मामा, जोतिराव जरा भाबडेच म्हणायचे. तिकडे माझ्या कचेरीतले जुने लोक सांगतात, ते युद्ध काही गुलामांसाठी झाले नाही. संस्थानांच्या हक्कांसाठी झाले. जकातीच्या भांडणावरून झाले. गुलामांचे निमित्त मागून जोडले.”

ताईने त्याला तिथल्या तिथे करंजी देऊन गप्प केले, पण माझ्या डोक्यातून ते जाईना. भाचा म्हणतो ते खरे असेल तर जोतिरावांचे पुस्तक एका गैरसमजावर उभे आहे असे होईल. जो ग्रंथ गुलामगिरीच्या कारणांचा शोध घेतो त्याच्या पहिल्याच पानावर कारणाची चूक असावी ही टीकाकाराने झाकून ठेवण्यासारखी गोष्ट नाही. म्हणून प्रथम त्या युद्धाच्या कारणांचा निवाडा करणे आवश्यक आहे. वाचकांना दिवाळीच्या फराळाबरोबर थोडा परदेशचा इतिहास चघळावा लागेल, त्यास इलाज नाही.

अमेरिकेने १७८७ साली आपली राज्यघटना तयार केली तेव्हा तीत ‘गुलाम’ हा शब्द कोठे येऊ दिला नाही, मात्र गुलामांची मोजदाद केली. लोकसभेतील जागा ठरविताना प्रत्येक गुलाम म्हणजे माणसाचा तीनपंचमांश भाग धरावा असे ठरले. मत त्याला नाही, पण त्याच्या डोक्याच्या बळावर धन्याच्या संस्थानाला जास्त जागा! त्या वेळी अनेकांना वाटत होते की ही प्रथा आपोआप विझेल. १७९३ साली सरकी काढण्याचे नवे यंत्र निघाले आणि तो विचार मागे पडला. पूर्वी एका मजुराला दिवसभर बसून शेर-अर्धा शेर कापूस जेमतेम निवडता येई, तेथे आता मणांनी निघू लागला. इंग्लंडातील गिरण्या कापसासाठी वखवखलेल्या होत्या. १७९० साली अमेरिकेत गुलामांची संख्या सात लाखांच्या आसपास होती. १८६० च्या शिरगणतीत ती चाळीस लाखांच्या घरात गेली. बाहेरून गुलाम आणणे १८०८ पासून कायद्याने बंद होते, तरीही ही वाढ. कारण गुलामी आईच्या रक्तातून उतरत असे. गुलाम स्त्रीच्या पोटी येणारे मूल जन्मतः गुलाम. धन्याच्या वहीत ते जमेच्या बाजूला पडे. युद्धाच्या सुमारास या चाळीस लाख माणसांची बाजारभावाने होणारी किंमत त्या देशातील सारे कारखाने आणि सारे लोहमार्ग यांत गुंतलेल्या भांडवलाहून अधिक होती, आणि देशाच्या निर्यातीत निम्म्याहून अधिक वाटा एकट्या कापसाचा होता. एवढी दौलत कोणी आपण होऊन सोडील, अशी अपेक्षा करणारा माणूस खरा भाबडा.

पुढचे भांडण पश्चिमेकडील नव्या भूमीवरून लागले. कापूस जमिनीचा कस खातो. त्याला सारखी नवी जमीन हवी. प्रत्येक नवे संस्थान गुलामांचे की मुक्तांचे, हा प्रश्न दर पिढीला उभा राही. १८२० साली नकाशावर रेघ ओढून तो मिटविला. मेक्सिकोशी युद्ध करून १८४८ साली आणखी मुलूख मिळाला तेव्हा तो पुन्हा पेटला. १८५० साली पळून गेलेल्या गुलामाला उत्तरेतूनसुद्धा धरून परत द्यावे, असा कडक कायदा झाला. १८५४ साली जुनी रेघ पुसली गेली आणि कॅन्ससच्या भूमीवर दोन्हीकडचे लोक बंदुका घेऊन वसाहतीस आले. १८५७ साली ड्रेड स्कॉट नावाच्या गुलामाच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की काळा मनुष्य या देशाचा नागरिक होऊच शकत नाही, आणि नव्या प्रदेशांत गुलामीस मनाई करण्याचा अधिकार विधिमंडळाला नाही. न्यायासनाने दार लावून घेतले. दोन वर्षांनी जॉन ब्राऊन नावाच्या गोऱ्या माणसाने मूठभर सोबती घेऊन सरकारी शस्त्रागारावर छापा घातला, गुलामांना हत्यारे देण्याचा त्याचा बेत फसला आणि तो फासावर गेला. १८६० च्या नोव्हेंबरात लिंकन निवडून आला. तो गुलामी मोडून टाकीन असे म्हणत नव्हता, तिला नव्या प्रदेशांत पसरू देणार नाही एवढेच म्हणत होता. तेवढ्यावर डिसेंबरात दक्षिण कॅरोलायना फुटून निघाले, आणि लिंकनने सूत्रे हाती घेण्यापूर्वी सात संस्थाने फुटली.

आता ‘संस्थानांच्या हक्कां’चे पाहू. फुटणाऱ्यांपैकी काही संस्थानांनी आपण का फुटलो याचे जाहीरनामे काढले, ही इतिहासावर त्यांनी केलेली मोठीच कृपा. मिसिसिपीने आरंभीच बजावले आहे की आमचे सारे अस्तित्व गुलामीच्या संस्थेशी एकजीव झालेले आहे. दक्षिण कॅरोलायनाची तक्रार तर मजेदार आहे: उत्तरेची संस्थाने आमचे पळालेले गुलाम परत करीत नाहीत, गुलामीविरुद्धच्या मंडळ्यांना आपल्या हद्दीत राहू देतात! म्हणजे उत्तरेच्या संस्थानांनी आपला हक्क बजावला हीच यांची फिर्याद. हक्क हवा होता तो एकाच गोष्टीचा. फुटलेल्यांच्या सरकारचा उपाध्यक्ष स्टीफन्स याने मार्च १८६१ मध्ये साव्हाना येथील भाषणात संकोच न ठेवता सांगून टाकले की आमच्या नव्या राज्याची कोनशिला म्हणजे काळा मनुष्य गोऱ्याच्या बरोबरीचा नाही हे सत्य. जकातीचे म्हणाल, तर १८५७ चे दर चांगले हलके होते, आणि पुढचे जड दर मंजूर झाले ते दक्षिणेचे प्रतिनिधी सभागृह सोडून गेल्यानंतर. संस्थानांच्या हक्कांची कैफियत रंगात आली ती युद्ध हरल्यानंतर, जेव्हा पराभूतांना आपल्या मुलानातवंडांना सांगण्यासाठी एखादे शोभिवंत कारण हवे होते. हरलेला पक्ष इतिहास लिहीत नाही असे म्हणतात; येथे त्याने पन्नासएक वर्षे पुष्कळ जोराने लिहिला, शाळांच्या पुस्तकांतही घुसविला. भाच्याच्या कचेरीतील जुने लोक त्याच पुस्तकांवर वाढलेले असावेत.

तेव्हा कारणाच्या बाबतीत जोतिराव चुकले नाहीत. तिकडचे विद्वान पुढे ज्या धुक्यात वाट चुकले ते पडण्यापूर्वीच, युद्ध संपल्यावर आठ वर्षांच्या आत, पुण्यातील एका माणसाने मुद्द्यावर बोट ठेवले होते. मला वाटते याचे कारण त्यांनी ही घटना खालून पाहिली. मूळ प्रस्तावनेत ते राजकारण्यांच्या भाषणांकडे वळत नाहीत. घरादारातून ओढून नेलेल्या, आप्तांपासून तुटलेल्या माणसांची दशा आणि सुटकेनंतर त्यांना झालेला आनंद यांचे वर्णन करतात. ज्याने सोसले त्यालाच सुटकेचे मोल, हा त्यांचा सूर आहे. गुलामाच्या जागी उभे राहिले की युद्धाच्या कारणाविषयी संशय राहत नाही.

पण अर्पणपत्रिकेतल्या ‘निरपेक्ष’ या शब्दापाशी मात्र मी अडखळतो. १८६२ च्या ऑगस्टमध्ये लिंकनने एका संपादकाला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे: एकही गुलाम न सोडविता राष्ट्राची एकी टिकत असेल तर तसे करीन, सारे सोडवून टिकत असेल तर तसे करीन. १ जानेवारी १८६३ चा मुक्तीचा जाहीरनामा बंडखोर मुलखापुरताच होता. जी गुलामांची संस्थाने एकीत राहिली होती त्यांतले गुलाम गुलामच राहिले. सर्वांची कायदेशीर सुटका डिसेंबर १८६५ मधील घटनादुरुस्तीने झाली. तोपर्यंत सहा लाखांहून अधिक सैनिक मेले होते. आणि जाहीरनामा निघण्याआधीपासून गुलाम आपल्या पायांनी चालत उत्तरेच्या छावण्यांत येत होते. त्यांना परत पाठवायचे की ठेवून घ्यायचे, हा पेच त्यांनीच सेनापतींपुढे उभा केला. पुढे सुमारे एक लाख ऐंशी हजार काळे शिपाई उत्तरेच्या फौजेत लढले. अर्पणपत्रिकेत हे लोक नाहीत. तेथे सोडविणारे आहेत आणि सुटणारे आहेत. स्वतः सुटण्यासाठी झगडणारे नाहीत. ज्या लेखकाने शूद्रातिशूद्रांना उठून उभे राहायला शिकविले, पुस्तक प्रसिद्ध झाल्यावर काही महिन्यांत, २४ सप्टेंबर १८७३ रोजी, सत्यशोधक समाज काढला, त्याच्या लेखणीतून हे निसटावे याचे नवल वाटते.

आता उत्तरार्ध. माझ्या देशबांधवांनी हे उदात्त उदाहरण डोळ्यांपुढे ठेवून आपल्या शूद्र बंधूंना ब्राह्मणी दास्यातून सोडवावे, अशी कळकळीची इच्छा तेथे व्यक्त झाली आहे. हे वाक्य कोणाला उद्देशून आहे? पुस्तकातील सोळा भागांचा जोतीराव आणि धोंडीबा यांचा संवाद मराठीत, गावरान, रोखठोक मराठीत आहे. अर्पणपत्रिका इंग्रजीत आहे. एक मोठी प्रस्तावनाही इंग्रजीत आहे. १८७३ साली इंग्रजी वाचणारा वर्ग कोणता, हे सांगायला नको. म्हणजे धोंडीबाशी बोलण्यासाठी मराठी, आणि ज्यांच्याकडून काही सोडण्याची अपेक्षा करायची त्यांच्याशी बोलण्यासाठी इंग्रजी. हे ध्यानात घेतले की ‘निरपेक्ष’ या शब्दाचा उलगडा होतो. तो अमेरिकेचे वर्णन करण्यासाठी जितका आहे त्याहून अधिक येथल्या शिकलेल्या वर्गाला लाजविण्यासाठी आहे. तिकडच्या गोऱ्यांनी गोऱ्यांशी लढाई केली, घरची माणसे गमावली. तुमच्यातून असे किती जण निघाले? स्तुती दूरच्याची आणि टोमणा जवळच्याला, ही रीत आपल्या घराघरांतून चालते. शेजारच्या सुनेचे कौतुक कशासाठी होत असते हे दिवाळीचा अंक वाचणाऱ्या माझ्या भगिनींना मी काय सांगावे!

आणि येथे जोतिरावांनी इतिहासातले एक मर्मही पकडले आहे. मालकवर्गातील किंवा त्याच्या भाऊबंदांतील काही लोक फुटून पलीकडे गेल्यावाचून अशी व्यवस्था मोडत नाही. दक्षिणेत गुलाम बाळगणारी गोरी कुटुंबे सुमारे चौथा हिस्साच होती. उरलेल्या गरीब गोऱ्यांपाशी गुलाम विकत घेण्याची ऐपत नव्हती. तरी ते लाखांनी मरायला उभे राहिले. का? आपल्या खाली कोणीतरी आहे, एवढेच त्यांचे वतन होते. जातीच्या उतरंडीत प्रत्येकाला खालचे मडके दिसते म्हणून वरच्याचा भार जाणवत नाही, हे आपल्याकडे पुढे डॉ. आंबेडकरांनी फार स्पष्ट मांडले. १९१३ ते १९१६ ही वर्षे त्यांनी न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात काढली आणि १९४६ साली त्यांनी काळ्या अमेरिकनांचे नेते द्यु बॉइस यांच्याशी याच संदर्भात पत्रव्यवहार केला. जोतिरावांनी ओढलेली रेघ अशी पुढे गेली.

हे सारे जोतिरावांना पुण्यात बसून कळले कसे, असा प्रश्न पडतो. टॉमस पेनचा मानवी हक्कांवरील ग्रंथ त्यांनी १८४७ च्या सुमारास वाचला होता, हे सर्वश्रुत आहे. पण अमेरिकेचे एक दार आमच्या नगर जिल्ह्यातही उघडे होते, याकडे पुरेसे लक्ष जात नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली अहमदनगरला ठाणे दिले. १८४२ साली तेथून ‘ज्ञानोदय’ निघाला. मिस सिंथिया फरार या अमेरिकन बाईंची मुलींची शाळा नगरला होती. ती पाहून जोतिरावांच्या मनात पुण्यात तशी शाळा काढण्याचे आले, आणि सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे त्यांच्याकडे घेतले. सोनईपासून जवळच, आमच्याच नेवासे तालुक्यात, वडाळ्यास त्याच मिशनचे ठाणे होते. तेथे फेअरबँक घराण्यातील मिशनऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या काम केले. ज्या देशात चाळीस लाख माणसे विकली जात होती, त्याच देशाची एक बाई नगरात मुलींना अक्षरे गिरवायला लावीत होती, हे एकाच काळात घडत होते.

मात्र येथेही चित्र अगदी धुतल्या तांदळाचे नाही. या मिशनऱ्यांना पाठविणारे जे बॉस्टनचे मंडळ, त्याच्यावर त्या काळी त्यांच्याच देशात ठपका होता की गुलाम बाळगणाऱ्यांपासून हे पुरते फारकत घेत नाहीत. या कारणावरून चिडून काही मंडळींनी १८४६ साली वेगळी मिशनरी संस्था काढली. भले लोकही एकमेकांच्या डोळ्यांत डोळे घालून हिशेब मागत होते. अर्पणपत्रिकेच्या चार ओळींत हा हिशेब मावणार नव्हता.

एक आक्षेप जुनाच आहे आणि तो टाळून चालणार नाही. जात म्हणजे गुलामी, ही तुलनाच चुकीची, असे म्हणतात. शूद्राला कोणी बाजारात उभा करून विकत नव्हते. आमच्या नगरापुरते बोलायचे तर खरे विकत घेतलेले गुलाम येथे होतेच. आणि त्यांतला एक, अनेकदा हातोहात विकला गेलेला हबशी मलिक अंबर, निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. जमीनमहसुलाची घडी बसविली, मोगलांना झुंजविले आणि १६२६ साली मेला तेव्हा दख्खनभर त्याचा दरारा होता. गुलामाला येथे सिंहासनाच्या शेजारी बसता आले. त्याच मुलखात वेशीबाहेर जन्मलेल्या, कोणीही विकत न घेतलेल्या माणसाला पाटलाच्या ओट्यावर बसता आले नसते. मला वाटते ही एकच गोष्ट जोतिरावांच्या तुलनेला पुरेसा आधार देते. अंबरचे दास्य त्याच्यापाशी संपले. अमेरिकेतील हबशाचे दास्य आणि आपल्याकडील अतिशूद्राचे दास्य जन्माबरोबर येई आणि पोटच्या पोराला वारशाने जाई. दोहोंत फरक एवढाच की एकांना पकडून नेले आणि दुसऱ्यांना जिंकून जागच्या जागी ठेवले, असे जोतिराव प्रस्तावनेत म्हणतात. त्यातला जिंकण्याचा इतिहास वादाचा आहे, पण वारशाची गोष्ट वादाची नाही.

तो इतिहास वादाचा आहे हेही मोकळेपणाने म्हटले पाहिजे. मत्स्य, कच्छ, वराह हे अवतार म्हणजे बाहेरून आलेल्या टोळ्यांचे नायक, खंडोबा, भैरोबा, म्हसोबा हे बळीराजाचे अधिकारी, ही व्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीस उतरत नाही. धोंडीबा शंका विचारतो, परंतु फार लौकर पटवून घेतो. एखाददुसरा हट्टी प्रश्न त्याने धरून ठेवला असता तर संवादाला अधिक धार आली असती. मात्र पुराणकथेत जिंकलेल्याची बाजू शोधायची ही दृष्टी मराठीत नवीन होती. वामनाने बळीला पाताळात घातले ही कथा आपण शतकानुशतके ऐकली. बळीकडून ती कोणी सांगितली नव्हती. ताईच्या ओवाळणीतल्या मागण्यात ती उरली होती, ती जोतिरावांनी ऐकली.

अर्पणपत्रिकेत सर्वांत मोठी उणीव कोणती, तर कापूस. ज्या युद्धाचे मूळ कापसाच्या शेतात होते, त्या युद्धाच्या झळा कापसावाटेच जोतिरावांच्या दारापर्यंत आल्या होत्या. १८६१ पासून अमेरिकेचा कापूस अडला आणि इंग्लंडच्या गिरण्या हिंदुस्थानकडे वळल्या. भाव कित्येक पटींनी चढले. मुंबईत शेअरबाजाराला वेड लागले, समुद्र हटवून जमीन काढण्याच्या कंपन्या निघाल्या. दख्खनच्या शेतकऱ्याच्या हातीही पैसा खेळू लागला, आणि सावकार त्याला उसने देण्यास उतावीळ झाला. १८६५ च्या वसंतात तिकडे शांतता झाली आणि इकडे मुंबईत दिवाळी निघण्याऐवजी दिवाळे निघाले. भाव कोसळले, पण चढत्या काळात घेतलेले कर्ज आणि पुढे वाढवून बसविलेला सारा खाली येईना. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतपत्रे काढून जाळली. वणवा नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदे, नगर, कर्जत या तालुक्यांत पसरला. माणसांना फारसा हात लावला नाही, कागद जाळले. कर्जाची कारणे अर्थात एकट्या अमेरिकेच्या माथी मारता येत नाहीत. अवर्षण, सारा, नवी कोर्टे यांचाही वाटा त्यात होता. पण चौकशीस बसलेल्या आयोगालाही तिकडच्या युद्धाची दखल घ्यावी लागली. १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला.

त्याच वर्षांत तिकडे मुक्त झालेला काळा शेतकरी काय करीत होता? जमीन त्याला मिळाली नव्हती. धन्याच्याच जमिनीवर अर्धेलीने कापूस लावायचा, बियाणे नि मीठमिरची दुकानदाराकडून उधार घ्यायची, आणि पीक निघाले की हिशेबाच्या वहीत आपल्या नावावर शिल्लक काहीच नाही असे ऐकायचे. दुकानदाराच्या जागी सावकार घाला, की पारनेरचा कुणबी दिसू लागतो. बेडी गेली, वही आली. १८७७ साली उत्तरेची उरलीसुरली फौज दक्षिणेतून निघून गेली आणि काळ्यांची मते, जागा, गाडीतले डबे सारे हळूहळू कायद्याने वेगळे झाले. ज्या भल्या लोकांना पुस्तक वाहिले होते त्यांच्यातले पुष्कळसे तोवर थकले किंवा विसरले.

जोतिरावांना हे सारे कळले की नाही, हे महत्त्वाचे नाही. आपल्या अंगणातले त्यांना कळले होते. १८८३ च्या सुमारास त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला, आणि ‘गुलामगिरी’त जे राहिले होते ते तेथे आले: सारा, कर्ज, कोर्ट, अंमलदार, शेतकऱ्याच्या घरातली उपासमार. येथे अवतारांच्या व्युत्पत्तीपेक्षा शेतकऱ्याच्या झोपडीचे, त्याच्या अंगावरच्या चिंध्यांचे वर्णन अधिक बोलते. माझ्या मते गद्यलेखक म्हणून जोतिराव ‘असूड’मध्ये अधिक उंच आहेत. पण ‘गुलामगिरी’ प्रथम लिहिल्याशिवाय त्यांना तेथे पोहोचता आले नसते. दास्य माणसाच्या मनात कसे बसते हे त्यांनी आधी पाहिले, आणि पोटात कसे बसते हे मागाहून. दोन्ही पुस्तके एकत्र वाचावीत. एकेकटे वाचले तर अर्धाच जोतिराव भेटतो. आमच्याकडे बरेचसे तसेच वाचतात. कोणी पहिले घेऊन मिरवतो, कोणी दुसरे, आपापल्या सोयीने.

हे सगळे मी भाच्याला दुपारी जेवणानंतर सांगितले. तो शिकलेला मुलगा. जाहीरनाम्यांची गोष्ट त्याने मान्य केली. मग त्याने विचारले, “आणि मामा, उत्तरार्धाचे काय झाले?” मी थोडा वेळ बोललो नाही. आमची सोनई बारमाही पाण्याची, उसाची, साखर कारखान्याची. शाळा-कॉलेजे आहेत, शिकलेली माणसे आहेत. याच सोनईच्या परिसरात २०१३ सालच्या पहिल्या दिवशी तीन दलित तरुणांना मारण्यात आले. वरच्या मानलेल्या जातीतील एका मुलीशी त्यांच्यापैकी एकाचे प्रेम होते, एवढे कारण. २०१८ साली नाशिकच्या न्यायालयाने सहा जणांना दोषी ठरवून फाशीची शिक्षा सुनावली, आणि प्रकरण वरच्या न्यायालयात गेले. लिंकनच्या जाहीरनाम्याला त्या दिवशी बरोबर दीडशे वर्षे झाली होती. तारखांना अर्थ नसतो हे मला कळते. भाच्याला मी तेवढेच सांगितले, आणि त्या वेळी गावात कोण बोलले व कोण घरात बसले हेही सांगितले. मी कोणात होतो तेही सांगितले.

तो काही म्हणाला नाही. संध्याकाळी जाताना त्याने ते पुस्तक मागितले. मी जुनी प्रत सहसा कोणाला देत नाही, पण दिली. अर्पणपत्रिकेच्या पानाला त्याने तिकिटाचा तुकडा खूण म्हणून लावला होता.